९४-९५ चा सीझन शीटमध्ये: एप्रिल भरून झाला

मंडळी, अपडेट. ब्लॅकबर्न चॅम्पियन झालं तो सीझन एक्सेलसारख्या शीटमध्ये एप्रिलअखेरपर्यंत टाकून झालाय, आता मे मधले थोडे निकाल राहिलेत आणि मग गोल कोणी मारले तो कॉलम. नवीन आलेल्यांसाठी परत सांगतो, १९९४-९५ च्या प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगच्या, सगळ्या ४६२ मॅचेस (तेव्हा २२ टीम होत्या, प्रत्येकीला ४२ मॅचेस) तारखेप्रमाणे टाकत जायचं आणि त्या त्या शनिवारी टेबल कसं दिसत होतं ते बघायचं. चॅम्पियन कोण हे सगळ्यांना पाठ आहे, पण तिथपर्यंत गाडी कशी पोचली ते बघण्यातच खरी मजा आहे. हायलाइट्स पण त्या तारखेपर्यंत पोचल्यावरच लावायच्या, आधी नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं स्पर्सने (टॉटनहॅम). जुन्या पैशाच्या भानगडींवरून एफएने (इंग्लंडची फुटबॉल संघटना) सीझन सुरू व्हायच्या आधीच त्यांचे १२ पॉइंट कापले होते, अपील केल्यावर ते ६ वर आले आणि डिसेंबरमध्ये ते सहा पण रद्द. मग शीटमध्ये काय करायचं? मी डिसेंबरपर्यंत वजा सहा ठेवलेत आणि नंतर परत दिलेत, कारण त्यावेळच्या माणसाला टेबल तसंच दिसत होतं ना. फॉर्म्युला जरा किचकट झाला, होऊ दे. असल्या अवस्थेत त्यांनी जर्मन स्ट्रायकर क्लिन्समनला आणला, पहिल्याच मॅचला शेफील्ड वेन्सडेला त्यांच्या घरी ४-३ हरवलं, आणि क्लिन्समनने गोल मारून गवतावर पोटावर सूर मारला, लोक त्याला डायव्हर (फाउल मिळवायला मुद्दाम पडणारा) म्हणून चिडवायचे त्याला हे उत्तर. शंभरदा बघितलंय तरी हसू येतं.

आता मुद्द्याचं. या सीझनची गोष्ट सगळे १४ मे पासून सांगतात, ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर हरलं, तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमकडे १-१ च्या पुढे जाता आलं नाही, त्यांचा गोलकीपर मिक्लोस्कोने काय काय अडवलं, ब्लॅकबर्न ८९ पॉइंट, युनायटेड ८८, संपलं. पण शीट भरताना मला तरी वाटायला लागलंय की युनायटेडने टायटल वेस्ट हॅमच्या अप्टन पार्कवर नाही, स्वतःच्या ओल्ड ट्रॅफर्डवरच घालवलं. त्यांचा होम कॉलम बघा. २१ मॅचेस, खाल्लेले गोल फक्त ४! फॉरेस्टचे दोन, लेस्टरचा एक, साउदॅम्प्टनचा एक (हा मे मधला, पुढचं सांगून टाकलं). असा बचाव असताना लीग हरायची म्हणजे कमाल आहे. आणि त्याच कॉलममध्ये खाली या, १५ मार्च स्पर्स ०-०, २ एप्रिल लीड्स ०-०, १७ एप्रिल चेल्सी ०-०. मधे आर्सेनलला ३-० वाजवलं ते वेगळं. या तीनपैकी कुठल्याही एका मॅचला एक गोल, बास, बाकी सगळं तसंच ठेवलं तरी बरोबरीचा विजय होऊन दोन पॉइंट वाढले असते, युनायटेड ९०, ब्लॅकबर्न ८९.

गंमत म्हणजे त्याच्या थोडंच आधी, ४ मार्चला, त्यांनी इप्सविचला ९-० धुतलंय आणि त्यातले पाच एकट्या अँडी कोलचे. नऊपैकी दोन-तीन गोल पुढे ढकलता आले असते तर. त्यांचा कँटोना नव्हता हे कारण आहेच, २५ जानेवारीला क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर रेड कार्ड घेऊन बाहेर जाता जाता त्याने प्रेक्षकाला लाथ घातली आणि सीझन तिथेच संपला त्याचा. आणि त्याच्या तीनच दिवस आधी ब्लॅकबर्नविरुद्ध १-० चा हेडर त्याचाच होता! त्या मॅचला ब्लॅकबर्नच्या शेरवुडने शेवटी बरोबरी केली होती पण त्यांच्याच स्ट्रायकर शिअररने युनायटेडच्या कीनला फाउल केला म्हणून गोल रद्द, यावर कोणाला भांडायचं असेल तर मी तयार आहे, मला तो फाउल वाटत नाही. थोडक्यात ब्लॅकबर्न युनायटेडकडून दोन्ही वेळा हरलं, घरी ४-२ आणि तिकडे १-०, तरी चॅम्पियन तेच.

अर्थात ब्लॅकबर्नचेही पाय लटपटतच होते. १५ एप्रिलला लीड्सने शेवटी शेवटी गोल करून १-१ केलं, १७ ला घरच्या मैदानावर मँचेस्टर सिटीकडून ३-२ हार, ३० ला वेस्ट हॅमकडे २-० हार. ती १७ तारीख मी पिवळी करून ठेवलीय. सिटीने चक्क युनायटेडवर उपकार केले, आणि त्याच दिवशी युनायटेडला चेल्सीविरुद्ध एक गोल जमेना.

(हो हो, ब्लॅकबर्न हाच तो क्लब जो २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीजने घेतला आणि जो २०१२ ला प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्यावर बोलायला बसलो तर शीट राहील बाजूला. या सीझनला मालक जॅक वॉकर, तिथलाच स्टीलवाला, त्याचे पैसे आणि मॅनेजर डालग्लिशचं डोकं.)

खालच्या टोकाला त्या वर्षी चार टीम रेलिगेट झाल्या (खालच्या लीगमध्ये गेल्या) कारण लीग २० टीमवर आणायची होती. त्यामुळे पॅलेस ४५ पॉइंट असूनही खाली गेलं, बिचारे. त्यांचे अख्ख्या सीझनचे गोल ३४, आणि शिअररचे एकट्याचे ३४. गोलांचा कॉलम भरायची खरी घाई मला या एका ओळीसाठी आहे. नॉर्विच अजून भयानक, ख्रिसमसला सातव्या नंबरवर होते, गोलकीपर गन जखमी झाला आणि मग शेवटच्या २० मॅचेसमध्ये एकच विजय. त्यांची पोझिशन ग्राफवर काढलीय, जानेवारीनंतर नुसती घसरगुंडी.

राहिलेलं काम: ८ मे ब्लॅकबर्न-न्यूकॅसल, १० मे युनायटेड-साउदॅम्प्टन, आणि १४ मे साठी वेगळी शीट. दोन्ही मॅचेस एकाच वेळी चालू होत्या, त्यामुळे तो दिवस मिनिटाप्रमाणे टाकणारे, शिअररचा गोल, वेस्ट हॅमच्या ह्यूजचा, युनायटेडच्या मॅक्लेअरचा, लिव्हरपूलच्या बार्न्सचा आणि शेवटी त्यांच्याच रेडनॅपची फ्री किक, प्रत्येक गोलनंतर टेबलमध्ये वर कोण ते दिसेल असं. लाइव्ह टेबलचा फॉर्म्युला कोणी आधी बनवला असेल तर द्या, मी तो जसाच्या तसा उचलणार.