खिडकी उघडी ठेवत जा

आई डोंबिवलीत सगळ्यांना सांगते, "आमची मुलगी तिकडच्या म्हाडात आहे." दुरुस्त करणं मी सोडून दिलंय. इंग्लंडमधली कौन्सिलची घरं लॉटरीत लागत नाहीत, गरज बघून भाड्याने मिळतात, आणि मी तिथली हाउसिंग ऑफिसर. फोन उचलण्यापासून सुरुवात केली. आता माझ्याकडे साडेतीनशे घरं आहेत: थकलेली भाडी, शेजाऱ्यांची भांडणं, कुत्री. आणि बुरशी.

डिसेंबर 2020मध्ये रॉचडेलला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा फ्लॅटमधल्या बुरशीने दगावला. वडील 2017पासून तक्रार करत होते. घरमालक संस्थेने बोट दाखवलं ते सुदानहून आलेल्या त्या कुटुंबाच्या राहणीवर. 27 ऑक्टोबर 2025पासून त्याच्याच नावाचा कायदा लागू झालाय. जिवाला तातडीचा धोका असेल तर 24 तासांत पाहणी करून घर सुरक्षित करायचं. ओल-बुरशी गंभीर असेल तर कामाच्या 10 दिवसांत पाहणी, त्यानंतर कामाच्या 3 दिवसांत भाडेकरूला लेखी अहवाल. घर वेळेत सुरक्षित होत नसेल तर आमच्या खर्चाने दुसरीकडे सोय. आपल्याकडे असलं काही ऐकलंय कुणी? खरं सांगते, इथल्या लोकांचा हेवा वाटला.

पण प्रशिक्षणात हे सगळं ऐकताना मला माझाच एक जुना रिपोर्ट आठवत होता. एका बाईच्या घरी गेले होते. कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागे काळे ठिपके, आणि आत लटकलेल्या मुलाच्या कोटाच्या अस्तरावर हिरवट लव. ती म्हणाली, "खिडकी उघडली की पोराला थंडी, बंद ठेवली की हे. तूच सांग काय करू." मी लिहिलं: घरात कपडे वाळत घालतात, खिडक्या उघडत नाहीत.

तेव्हा सगळेच असं लिहायचे. शिवाय मी चाळीत वाढलेली. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते म्हणून तक्रार करायची असते, हेच मुळात डोक्यात नव्हतं. आमच्या कपाटात डांबरगोळ्या असायच्या, कायदा नव्हता. (तरी त्या बाईच्या घरी माझं ओल मोजायचं मीटर पिवळ्यावरून लाल झालं होतं, ते मी पाहिलं होतं.)

ऑक्टोबर 2026पासून वरिष्ठ व्यवस्थापकांना पात्रतेची अट येतेय, म्हणून मी हाउसिंगच्या लेव्हल 4 अभ्यासक्रमाला नाव घातलंय. रात्री जेवण उरकून अभ्यासाला बसते.

परवा तशीच बसले होते, तर आईचा फोन. बेडरूमची भिंत पुन्हा ओली झालीय. सोसायटी म्हणते वरच्या मजल्याचं गळतंय, वरचे म्हणतात सोसायटीचं पाइप. हा तिसरा पावसाळा.

मी म्हटलं, "खिडकी उघडी ठेवत जा गं."