तुम्ही विचारलंत म्हणून: फातर्प्याच्या देवीला ख्रिस्ती लोक कसे?

शिमग्याच्या सुमारास मी गोव्याला निघाले, की ऑफिसात कोणीतरी विचारतंच, "तुमच्या कुलदेवीला म्हणे ख्रिस्तीही येतात. ते कसं काय?"

येतात, आणि मानकरी म्हणून येतात.

आमची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण. देऊळ फातर्प्याला आणि नाव कुंकळ्ळी गावचं, सगळी गोष्ट त्यातच आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी तालुक्यातली (कुंकळ्ळी त्यातलंच) देवळं पाडायला घेतली, तेव्हा देवीला त्यांच्या हद्दीबाहेर फातर्प्याला नेलं. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा बघायला कुंकळ्ळीत आलेल्या पाच जेझुइट पाद्र्यांना गावाने ठार केलं. मग पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं नि तिथेच मारलं. पुढे गावातली पुष्कळ घरं बाटली. वांगड मात्र तेच राहिले. वांगड म्हणजे गावकारांची कुळं, कुंकळ्ळीत ती बारा. छत्रोत्सवात देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला आपल्या मूळ जागी येते, तेव्हा सोबत या बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात. छत्रीचा मान कुळाचा. कुळातलं कोण रविवारी चर्चला जातं, हे छत्री विचारत नाही.

लोक याला लगेच 'सर्वधर्मसमभाव' म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द इथे खटकतो, फार सरकारी वाटतो. मागच्या खेपेला रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. अंगात फ्रॉक, गळ्यात क्रूस, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. मी जरा जास्तच निरखत असेन. "आमची आवय ती," एवढंच म्हणाली नि पुढे सरकली. आईकडे जाताना कोणी समभाव बरोबर नेतं का?

(मापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, तर शिरगावच्या लईराई देवीची बहीणच मानतात. पण तो विषय निघाला तर जेवणाची सुट्टी पुरायची नाही.)

कधी जायचं, हाही प्रश्न ठरलेला. होळीनंतरच्या पंचमीला, छत्रोत्सव तेव्हाच असतो. ऊन मी म्हणत असतं, त्यात चालायचं, आणि गुलाल असा उडतो की शेजारचा माणूस ओळखू येत नाही. हिंदू कोण नि ख्रिस्ती कोण, ते तर सोडाच. नवे कपडे घालू नका. माझी एक पांढरी ओढणी तीन वर्षं झाली, अजून गुलाबीच आहे.