ठकीला व्हॅक्यूमची सवय लावताना

आमच्या घरातली सगळ्यात कर्कश वस्तू म्हणजे मिक्सर. खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली की हॉलमधला टीव्ही ऐकू येत नाही. पण ठकी त्याच वेळी ओट्याखाली बसून निवांत पंजा चाटत असते. आणि तीच ठकी व्हॅक्यूम क्लीनर ठेवलेल्या कपाटाची कडी वाजली तरी नाहीशी व्हायची. मशीन अजून बाहेर यायचं असायचं, प्लग लावणं तर दूरच.

ठकी देशी मांजर, काळी-पांढरी-तांबूस. सोसायटीच्या पार्किंगमधून वर आली तेव्हा साधारण वर्षाची असावी. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं, हुंगतं, त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते. ठकीचे ते आठवडे स्कूटरखाली गेले. रिक्षा, हॉर्न, वॉचमनची शिट्टी हे तिला पाठ. व्हॅक्यूम तिच्या अभ्यासक्रमात नव्हता.

इकडे मुलीला धुळीतल्या माइटची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांची, ॲलर्जी निघाली. गाद्या, सोफा, पडदे आठवड्यातून एकदा तरी व्हॅक्यूमने साफ करा, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यातच उन्हाळ्याच्या सुट्टीत डीप क्लीनिंगवाल्यांना बोलावलं होतं. दोन माणसं, ड्रमएवढं मशीन, सगळं फर्निचर जागेवरून हललेलं. ठकी वॉशिंग मशीनच्या मागे शिरली ती रात्री उशिरा बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून ती लिटर ट्रे सोडून दिवाणावर मुतायला लागली. तेही थेंब थेंब.

मांजरांच्या डॉक्टरांकडे नेलं. लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. संसर्ग नाही, खडे नाहीत. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, मांजरांमध्ये हे बरंच दिसतं, असं त्या म्हणाल्या. बोका पाळणाऱ्यांसाठी त्यांनी सांगितलेली एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते: बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबू शकतो. बोका ट्रेमध्ये बसून जोर करतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. ठकी औषधांनी आणि शांततेने बरी झाली. पण घरात मशीन तर लागणारच होतं.

धाकट्या दिरांनी फोनवर उपाय सांगितला. ‘वहिनी, एवढं काय त्यात? मांडीवर घट्ट धरून बसा आणि दादाला मशीन चालू करायला सांगा. दहा मिनिटं ओरडेल, मग गप्प होईल.’ मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘गप्प होईलच. पळायला जागा नसली की मांजर गोठून जाते, आणि आपल्याला वाटतं सवय झाली.’ व्हॅक्यूमला घाबरून उडणाऱ्या मांजरांचे रील्स बघून आमच्या घरातही हसणं व्हायचं. ठकीची दिवाणावरची गादी दोनदा उन्हात घातल्यावर ते थांबलं.

डॉक्टरांनी सुचवलेली पद्धत अशी: भीतीची वस्तू इतक्या लांबून, इतक्या कमी प्रमाणात दाखवायची की भीती वाटणारच नाही, त्याच वेळी काहीतरी अतिशय आवडतं द्यायचं, आणि मग हळूहळू जवळ यायचं. वाचताना कळलं की या पद्धतीचा एक मोठा धागा मांजरांपाशीच जातो. जोसेफ वोल्पे हे दक्षिण आफ्रिकेतले मनोविकारतज्ज्ञ. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात मांजरांवर प्रयोग केले. पिंजऱ्यात विजेचे धक्के बसलेली मांजरं त्या खोलीत अन्नाला तोंड लावेनात. मग वोल्पेंनी त्यांना त्या खोलीसारख्या न दिसणाऱ्या जागी खाऊ घातलं, मग थोड्या सारख्या दिसणाऱ्या जागी, असं करत करत पुन्हा त्याच पिंजऱ्यात. पुढे १९५८मध्ये त्यांनी माणसांच्या भीतीवरची उपचारपद्धत मांडली, तिच्यामागे ही मांजरं होती. धक्के देण्याचा भाग वाचून मला रागच आला. पण त्या मांजरांनी शिकवलेलं निदान एका मांजरीच्या तरी उपयोगी पडावं, असं वाटलं.

नवऱ्याचं मत होतं की नवीन, कमी आवाजाचं मशीन घेऊ म्हणजे प्रश्नच मिटेल. इथे मला थोडं गणित करावं लागलं. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजरीला ८५ किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत. उंदरांची चिवचिव बरीचशी त्या वरच्या पट्टीत असते, म्हणून हे कान. आता डायसनने २०१६मध्ये आणलेला हेअर ड्रायर घ्या. त्याची मोटर मिनिटाला १,१०,००० फेरे घेते आणि आतल्या पंख्याला १३ पाती आहेत. गुणाकार करून ६०ने भागलं तर सुमारे २४ किलोहर्ट्झ येतात. म्हणजे मोटरचा एक सूर माणसाच्या कानापलीकडे नेऊन ठेवलाय. ती पाती मुद्दामच तेवढी ठेवली आहेत. आपल्याला शांत वाटतं, मांजरीला तो सूर ऐकू येणारच. व्हॅक्यूमच्या जाहिरातीतले डेसिबलही माणसाच्या कानाच्या हिशेबानेच मोजलेले असतात. तेव्हा आहे तेच मशीन ठेवलं.

पण मिक्सरचं काय? मी ठकीला नीट बघायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की तिची भीती एक नव्हतीच. मिक्सर ओरडतो पण जागचा हलत नाही. व्हॅक्यूम जमिनीवरून, तिच्याच उंचीवरून, सरपटत येतो. त्याची नळी वळवळते. तो आला की सोफा सरकतो, खुर्च्या उलट्या होतात, म्हणजे तिच्या पळायच्या वाटा बदलतात. आणि आवाज एकदम, काही सूचना न देता, पूर्ण ताकदीने सुरू होतो. हे सगळं वेगवेगळं सोडवायचं ठरवलं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर हाती घेतलं. दिवाळीच्या आत व्हावं एवढीच इच्छा.

सुरुवात मशीन हॉलमध्ये नुसतं ठेवून केली. बंद, कपाटाबाहेर, सोफ्याशेजारी. सासूबाई वैतागल्या. ‘अगं, पाहुणे आले तर काय म्हणतील? झाडू तरी दाराआड ठेवतात.’ मशीन राहिलं. ठकी आधी भिंतीला चिकटून जायची, मग सरळ जायला लागली, आणि एका सकाळी तिने मशीनच्या कडेला गाल घासला. मांजरीच्या गालात गंधग्रंथी असतात. गाल घासला म्हणजे वस्तूवर आपला शिक्का मारला. त्या दिवसापासून सासूबाईंनीही मशीनबद्दल बोलणं सोडलं.

मग हालचाल, आवाजाशिवाय. मी नळी हळूहळू ओढायची, ठकीकडे तोंड न करता, तिच्यापासून लांब जात. मुलगी तिच्यापुढे उकडलेल्या सुरमईचे कण टाकायची. सुकट जास्त आवडते तिला, पण ती बहुधा मिठाची असते म्हणून डॉक्टरांनी नको म्हटलं. बिनमिठाची सुरमई किंवा चिकन, आणि तेही फक्त या तालमीपुरतंच. रोजच्या वाटीत तेच मिळालं तर त्याची किंमत राहत नाही.

आवाजाला सगळ्यात जास्त वेळ लागला. फोनवर रेकॉर्डिंग लावून पाहिलं, पण फोनच्या स्पीकरमधून खालची घरघर येत नाही आणि वरचे सूरही येत नाहीत. ठकीने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग खरं मशीन आतल्या बेडरूममध्ये, दार लावून. आवाज दाबायला मशीनवर गोधडी टाकायची नाही हं, मोटर तापते, फक्त दार. नवरा आत, मी आणि ठकी हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मी फोनवरून अंगठा पाठवला की तो चालू करणार, दुसरा अंगठा आला की बंद.

यात एक क्रम पाळावा लागतो आणि तो उलटा झाला तर सगळंच उलटं होतं. आधी आवाज, मग सुरमई. आवाज बंद, सुरमई बंद. खाऊ आधी दिला तर खाऊच धोक्याची घंटा होतो: बशी दिसली की मशीन येणार, असं मांजर शिकते. नवऱ्याला हे पटवायला मला ठकीपेक्षा जास्त मेहनत पडली.

किती जवळ यायचं हे ठरवायला मीटर एकच, ठकी खाते की नाही. कान आडवे झाले, बाहुल्या मोठ्या झाल्या, अंग जमिनीला टेकलं, की आपण मर्यादेच्या कडेला आहोत. सुरमई समोर असून तोंड फिरवलं, की कडा ओलांडली. मग दार पुन्हा लावायचं, आणि त्या दिवशी पुढे काही करायचं नाही. बैठक अगदी छोटी ठेवायची, ठकी अजून खात असतानाच संपवायची. दार बंद असताना ती खायला लागली, मग दार किलकिलं, मग अर्धं. जुलै संपेपर्यंत मशीन पॅसेजमध्ये आलं होतं.

आणि मग ढोल सुरू झाले. आम्ही पुण्यात एरंडवण्यात राहतो, म्हात्रे पुलापासून फार लांब नाही. गणपतीच्या आधी नदीकाठी पथकांचा सराव चालतो, आणि ढोलाचा ठोका खिडकी लावून अडत नाही, तो काचेतूनही येतो. ठकी संध्याकाळी पलंगाखाली. त्या अवस्थेतल्या मांजरीपुढे वर मशीन कोण लावणार? तालीम सकाळी हलवली, दोन पायऱ्या मागे गेलो, आणि विसर्जनाच्या आठवड्यात पूर्ण सुट्टी घेतली. अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा दार लावून सुरुवात. या खेपेला मात्र पटपट पुढे सरकलो.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या पांढऱ्याशुभ्र पर्शियन मांजरीचा व्हिडिओ दाखवला. तिच्या अंगावरून व्हॅक्यूमचा ब्रश फिरतोय आणि बाईसाहेब डोळे मिटून पडल्यात. ‘लहानपणापासून वळण लावलं ना, म्हणून!’ मी कौतुक केलं. मांजरीचे दोन्ही डोळे निळे होते. पूर्ण पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरींत जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण बरंच मोठं असतं. डार्विननेही १८५९मध्ये हे नोंदवलं होतं. मी काही बोलले नाही. शेजारधर्म आहे.

सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट मात्र तालमीतली नव्हती. बेडरूममधल्या कपाटावर एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला, आणि तिथे चढायला मधे एक स्टूल. मांजरीला लपायला जागा असली की तिचा ताण लवकर उतरतो. नेदरलँड्समध्ये निवाऱ्यात नव्याने आणलेल्या मांजरींवर याचा अभ्यास झालाय, २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. खोका मिळालेल्या मांजरी न मिळालेल्यांपेक्षा लवकर रुळल्या. ठकीला पळून जायची खात्रीची वाट मिळाली आणि मग तिला पळायची घाई उरली नाही.

आता शनिवारी सकाळी मुलगी आधी ‘ठके, मशीन!’ असं ओरडते. तेच शब्द, दर वेळी. मग मशीन आतल्या खोलीत सर्वांत कमी वेगावर सुरू होतं आणि तिथून बाहेर येतं. ठकी बहुतेक वेळा चालत, पळत नाही, कपाटावर जाते. कधी सोफ्याच्या पाठीवरच बसून कान फिरवत बघत राहते. दिवाणावर तिने पुन्हा कधी घाण केली नाही. नळी थेट तिच्या दिशेने आणायची नाही हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे, आणि डीप क्लीनिंगवाल्यांना बोलवायचं तर ठकी त्या दिवशी माझ्या आईकडे. ॲलर्जीमुळे सोफ्यामागची धूळ काढावीच लागते, पण सोफा सरकायला लागला की आवाज असो नसो, ती अजूनही फुगते. त्यावर आमच्याकडे उपाय नाही. म्हणून सोफा हलवायच्या आधी तिला आत नेऊन दार लावतो.