अंकस्मरणाची नोंद: शंभर चित्रे, शिवाजी रस्ता आणि न वाढलेली मर्यादा

अंकस्मरणाच्या सरावाची मागील नोंद लिहिली, तेव्हा ०० ते ९९ या दोन अंकांच्या शंभर जोड्यांपैकी प्रत्येकीला एक ठरावीक चित्र देणारी माझी चित्रयादी अर्धवट होती. ती आता पूर्ण झाली असून, सेकंदाला एक या गतीने ऐकलेले चाळीसच्या आसपास अंक मला बहुतेक वेळा क्रमाने लिहून काढता येतात. सराव सुरू करण्यापूर्वी सात-आठ अंकांपुढे गाडी जात नसे. तरीही याच काळात घेतलेल्या दुसऱ्या एका चाचणीचा निकाल मला अधिक मोलाचा वाटतो, कारण स्मरणशक्ती वाढली असे आपण म्हणतो तेव्हा मनात नेमके काय बदललेले असते, याचा उलगडा त्यातून होतो.

यादीसाठी मी कटपयादी, म्हणजे अंकांना अक्षरे देऊन त्यांचे शब्द बनवण्याची पारंपरिक पद्धतच कायम ठेवली आहे. तिच्यात क, ट, प, य ही अक्षरे १ दाखवतात, ख, ठ, फ, र ही २ दाखवतात आणि पुढेही हाच क्रम चालतो. न, ञ आणि सुटे स्वर यांची किंमत शून्य असते, जोडाक्षरातील शेवटचेच व्यंजन मोजले जाते आणि अनुस्वार सोडून दिला जातो. ‘ळ’ला मी ९ मानतो. परंपरेनुसार अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात. केरळातील शंकरवर्मन यांनी ‘सद्रत्नमाला’ या ग्रंथात पाय (π) या गणिती स्थिरांकाची किंमत सतरा दशांश स्थळांपर्यंत याच रीतीने अक्षरांत गुंफली आहे. ऐकण्याच्या ओघात क्रम उलटवायला उसंत नसल्यामुळे मी मात्र डावीकडून उजवीकडे वाचतो. त्यानुसार पायची दशांश स्थळे १४, १५, ९२, ६५, ३५, ८९, ७९ ही पाव, पाणी, झरा, तण, लोणी, जाळी, थाळी अशी होतात. शून्याच्या जोड्या अवघड जातील असे वाटले होते, पण सुट्या स्वरांनी ते काम सोपे केले: ०० म्हणजे आई, ०१ म्हणजे उंट, ०७ म्हणजे ऊस.

यादी पूर्ण होताच तिच्यात फेरबदल करावे लागले. ३१ साठी लोटी, ४१ साठी वाटी आणि ७९ साठी थाळी ही चित्रे अंक ऐकताक्षणी लख्ख दिसत, परंतु तासाभराने आठवू गेल्यास त्या ठिकाणी कोणते तरी भांडे होते एवढेच हाती लागे. अ‍ॅलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच भेद दिसतो. उच्चाराने सारखे असलेले शब्द लगेच आठवायचे असतील तर गोंधळ उडवतात. अर्थाने सारखे असलेले शब्द दीर्घकालीन स्मृतीत एकमेकांच्या आड येतात. माझ्या यादीत शाल म्हणजे ५३ आणि शाळा म्हणजे ५९ हे शब्द कानाला इतके जवळचे असूनही तासाभरानंतर त्यांची अदलाबदल कधीच होत नाही, आणि वाटी व लोटी यांची मात्र सतत होत असे. म्हणून ३१ ला आता गाय आणि ४१ ला घंटा दिली आहे, थाळी तेवढी राहू दिली. यादी नव्याने रचणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की शब्द सुचला म्हणून स्वीकारू नये. त्याच्या जातीचे दुसरे चित्र यादीत आधीच आहे का, हे अगोदर पाहावे.

ही चित्रे मनातल्या मनात क्रमाने ठेवण्यासाठी मी ओळखीचा मार्ग म्हणून पुण्यातील शिवाजी रस्ता निवडला आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, लाल महाल, दगडूशेठ गणपतीचे मंदिर, मंडईची इमारत असे टप्पे घेत प्रत्येक ठिकाणी दोन चित्रे एकमेकांत गुंतवून ठेवायची, म्हणजे एका ठिकाणी चार अंक बसतात. पायचा पहिला टप्पा घ्यायचा तर दिल्ली दरवाजाच्या एका खिळ्याला पाव टोचलेला असतो आणि त्यातून पाणी गळत असते. स्थळांचा आधार घेणे फार जुने आहे, पण त्याचा पुरावा अलीकडचा आहे. मेंदूच्या अभ्यासक एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असामान्य स्मरणाच्या दहा व्यक्ती तपासल्या, तेव्हा त्यांची बुद्धिमत्ता किंवा मेंदूची रचना वेगळी आढळली नाही. दहापैकी नऊ जण मात्र स्थळांची पद्धत वापरत होते. पुढे २०१७ मधील एका अभ्यासात सामान्य लोकांना सहा आठवडे, दररोज सुमारे अर्धा तास हाच सराव दिला असता त्यांचे शब्दस्मरण ठळकपणे सुधारले, आणि चार महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती.

आता त्या दुसऱ्या चाचणीविषयी. माझी बहीण मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या मिसळून एकेक उचलते व त्याच गतीने वाचते, आणि मी ती अक्षरे क्रमाने सांगतो. यात मी पूर्वी सहा-सात अक्षरांवर थांबत असे आणि आजही तिथेच थांबतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात एरिक्सन आणि चेस यांनी अभ्यासलेल्या विद्यार्थ्याचा अनुभव असाच होता. सुमारे वीस महिन्यांत, २३० तासांहून अधिक सरावाने तो ७ अंकांवरून ७९ अंकांवर पोहोचला. तो धावपटू असल्यामुळे तीन-चार अंकांचा गट त्याला शर्यतीतील वेळेसारखा दिसे. अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा त्याची मर्यादा पुन्हा सहाच्या आसपास आली. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये एका वेळी लक्षात धरता येणाऱ्या गटांची मर्यादा सात अधिक-उणे दोन अशी मांडली, तर नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. आकडा कोणताही घेतला तरी, एका क्षणी मनात धरता येणाऱ्या गटांची संख्या सरावाने बदललेली दिसत नाही. बदलतो तो गटाचा ऐवज आणि दीर्घकालीन स्मृतीत तो ठेवण्याचा वेग. माझ्यापुरते सांगायचे तर ३१ ऐकल्यावर ‘गाय’ हा शब्द मनात उमटण्याआधीच गाय दिसू लागली, तेव्हा मोठी झेप आली. म्हणूनच आपल्यापैकी प्रत्येकाने ज्याचा सराव केला नाही अशा एखाद्या गोष्टीचीही नोंद ठेवावी, असे मला मनापासून वाटते. त्याशिवाय आपली प्रगती कशामुळे झाली हे कळणार नाही.

यादी पक्की करताना मी ती पुन्हा पुन्हा वाचणे बंद केले आणि झाकून आठवणे सुरू केले. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी ८१ टक्के आणि आठवून पाहणाऱ्यांना ७५ टक्के मजकूर सांगता आला. आठवड्यानंतर तेच प्रमाण अनुक्रमे ४२ आणि ५६ टक्के झाले. वाचताना येणारी ओळखीची भावना किती फसवी असते, हे या आकड्यांइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

सध्याची अडचण जुन्या चित्रांची आहे. एकाच रस्त्यावर लागोपाठ अंकांच्या दोन माळा ठेवल्या तर लाल महालापाशी कालचे तण आजच्या चित्रात मिसळते. बेंटन अंडरवुड यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले होते की एका दिवसातील विस्मरण बरेचसे आधी शिकलेल्या याद्यांच्या संख्येवर अवलंबून असते. त्यामुळे पुढील टप्प्यात आजोळच्या वाड्यातून दुसरा मार्ग आखून दोन्ही मार्ग आलटून पालटून वापरणार आहे. पर्वतीच्या पायऱ्यांचाही विचार केला होता, परंतु त्या एकसारख्या असल्याने तिथे चित्रांना वेगळी जागा मिळत नाही. दोन मार्गांमुळे ही सरमिसळ कितपत घटते, ते पुढील नोंदीत आकड्यांसह मांडेन, आणि अक्षरांची चाचणी तोवर तशीच चालू राहील.