कडेचे थेंब, आठवडा तिसरा: खोडाचा रस आणि पानाचं पाणी

टोमॅटोच्या पानांवर पहाटे दिसणारं पाणी म्हणजे दव नव्हे, हे आता नक्की झालं. दव पानभर बसतं. हे थेंब नेमके कडेच्या दात्यांच्या टोकांवर, ओवल्यासारखे. याला बिंदुस्राव म्हणतात. रात्री पानांतून होणारं बाष्पीभवन जवळजवळ थांबतं, ओल्या मातीतली मुळं मात्र पाणी वर ढकलत राहतात आणि ते कडेच्या छिद्रांतून, म्हणजे हायडॅथोडमधून, बाहेर येतं.

माझा प्रश्न वेगळा होता. मुळांनी ओढलेलं खत या थेंबांबरोबर वाया जातं का?

शनिवारी संध्याकाळी एकाच वयाच्या दोन रोपांना भरपूर पाणी घातलं. एकाचं खोड मातीपासून दोन बोटं वर कापलं, म्हणजे मुळांनी वर ढकललेला रस पानांत जाण्याआधीच मिळेल, आणि दोन्ही कुंड्यांवर पिशव्या पालथ्या घातल्या. कापल्यावर आलेला पहिला रस टिपून टाकला, कारण त्यात चिरडलेल्या पेशींचा रसही असतो. पहाटे साडेपाचला खुंटावरच्या रसाचे पाच थेंब काचपट्टीवर एकावर एक वाळवले, शेजारी पानांच्या कडेचे पाच.

वाळल्यावर खुंटाच्या रसाचं पांढरं कडं लांबूनही दिसत होतं. पानाच्या पाण्याचा डाग मात्र काच उजेडात तिरकी धरल्यावर कुठे सापडला! कितीतरी वेळ ती काच हातातून सोडवेना.

मधला माल जातो कुठे? पाण्याच्या नळ्या पानाच्या कडेला संपतात, तिथून छिद्रापर्यंत एपिथेम नावाच्या लहान, सैल पेशींचा थर असतो. पाणी त्यांच्यामधून झिरपतं आणि जाताजाता या पेशी त्यातलं कामाचं काढून घेतात. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात हे नीट तपासलंय: नायट्रेट उचलणारं प्रथिन एनआरटी२.१, फॉस्फेटसाठी पीएचटी१;४. ही बिघडवली की थेंबांत तेच क्षार वाढलेले आढळतात. छिद्रं नुसती गळती नाहीत, तिथे वसुली चालते. मला हे फार सुंदर वाटतं.

पण या वसुलीलाही मर्यादा असावी. मागे १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत दुप्पट घातलं होतं तेव्हा थेंब वाळून कडांवर पांढरी पुटं चढली आणि टोकं करपली. खत बेतानं घाला, हे मी मनापासून सांगतोय.

काचेवरच्या डागावरून क्षार कोणता ते कळत नाही. म्हणून माशांच्या टाकीसाठी मिळणाऱ्या नायट्रेटच्या पट्ट्या आणल्यात. पुढच्या शनिवारी तीन-तीन रोपं आणि सोबत अळू. त्याच्या पानाच्या टोकाखाली वाटी ठेवली की पट्टी भिजण्याइतकं पाणी एका रात्रीत मिळतं.