त्या काय बोलल्या?

"काकू, अख्खी रात्र शेजारी होतात ना? मग काय बोलल्या त्या?"

हा प्रश्न मला मंडईत भाजीवालीपाशी उभी असताना विचारतात, पेन्शनरांच्या मेळाव्यात विचारतात. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून ठेवला आणि मग विचारलं. काय उत्तर देणार? तेव्हा एकदाच बसून लिहून टाकते. तुम्ही विचारलंत म्हणून.

नाव सांगणार नाही, हे आधीच सांगते. एक गायिका, शास्त्रीय गाणाऱ्या, तुमच्या-माझ्या घरात ज्यांचे अभंग सकाळी लागतात अशा. ओळखायचं त्यांनी ओळखा. बहुतेकजण चुकीचंच ओळखतील आणि ते माझ्या पथ्यावर पडेल. ही बातमी मी फोडलेली नाही. लंडनहून मुलाला फोन करून 'बसले विमानात' म्हणताना माझ्या तोंडून निघून गेलं की शेजारी कोण आहे बघ, आणि सूनबाईंनी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. विमान उडायच्या आत मिरजेत कळलेलं होतं.

मी गेले होते सुनेच्या बाळंतपणाला, लंडनमधल्या हॅरोला. येताना मुलाने हट्टाने बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. पैसे भरून नव्हे, त्याच्या कार्डावर साठलेले पॉईंट होते. दोन्ही गुडघे बदलून दीड वर्ष झालेलं, पाय लांब करून झोपता यावं एवढाच त्यामागे हेतू. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला फुकटची गोष्ट घेताना अपराधी वाटतं, ते वाटलंच. मग खुर्ची आडवी कशी होते ते कळल्यावर वाटेनासं झालं.

त्या विमानातली बसायची रचना मात्र चमत्कारिक होती. खिडकीजवळची खुर्ची शेपटाकडे तोंड करून आणि तिच्या लगतची नाकाकडे. म्हणजे शेजारीण म्हणायची, पण बसायचं समोरासमोर. मध्ये एक आडोसा वरखाली होतो, पण विमान उडताना आणि उतरताना तो खालीच ठेवावा लागतो. त्यामुळे धावपट्टीवर विमानाने वेग घेतला तेव्हा आम्ही दोघी दोन-अडीच फुटांवरून एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो. मला बघायला आलेल्या मंडळींनीसुद्धा मला एवढं निरखलं नव्हतं.

गळ्याला मफलरचे दोन वेढे, पायात पांढरे बूट, अंगावर मुलाचा वाटावा असा ढगळ स्वेटर. चेहऱ्यावरून मला त्या ओळखू आल्या नसत्या. ओळखलं ते हातावरून. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर मात्रा मोजत होती. ती सम देण्याची लकब मी पाहिलेली आहे. दर्ग्याच्या आवारात, सतरंजीवर मागच्या कोपऱ्यात बसून, रात्री दोन वाजता.

मिरजेबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब आमच्याकडे राहिले. १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला निघालेले असताना गाडीत त्यांना बरं वाटेनासं झालं, सिंगापेरुमल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच फलाटावर गेले. त्यांना आणून दफन केलं ते मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. तेव्हापासून त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणं होतं. मोठमोठे लोक येतात, हजेरी लावायची म्हणून गातात. तिकीट नाही, पास नाही. त्यामुळे नामवंत गवई जवळून पाहणं ही मिरजकराला अपूर्वाई नाही. मी हे स्वतःला बजावत होते. तरी तळहाताला घाम होता.

विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला, आणि मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. रागाने नाही. मग पर्समधून पेन काढलं, जेवणाचं छापील कार्ड उलटं केलं आणि मोठ्या अक्षरात लिहून माझ्यासमोर धरलं : 'मौन. उद्या संध्याकाळी गाणं आहे. हवा कोरडी.'

हवा कोरडी म्हणजे काय ते मला मुंबईला उतरेपर्यंत नाकाने आणि ओठांनी समजावून दिलं. पुढचं भाच्याने सांगितलं, तो विमानाच्या इंजिनांचं काम करतो. आत जी हवा येते ती बाहेरचीच, आणि पस्तीस-चाळीस हजार फुटांवरच्या त्या गारठ्यात हवेला ओल अशी नसतेच. आतली आर्द्रता बहुतेक वेळा वीस टक्क्यांच्याही खाली. शिवाय आतला दाब जमिनीवरच्यासारखा नसतो, सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढा ठेवतात. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे रात्रभर आपण कळसूबाईच्याही वर बसून वाळत घातलेल्या कपड्यासारखे सुकत असतो. तुम्हा-आम्हाला त्याचं काय, फार तर घसा खवखवेल. ज्यांचं सगळं त्या गळ्यावर, त्यांनी काय करावं?

त्या काय करत होत्या ते मी पाहिलं. रिकामा थर्मास बरोबर आणलेला, भरलेला विमानतळावरच्या तपासणीतून सोडत नाहीत म्हणून. त्यात गरम पाणी भरून घ्यायचं. एका पुडीत ज्येष्ठमधाच्या काड्या, एकीत खडीसाखर. दर तासाभराने पेल्यात पाणी ओतून, डोक्यावरून शाल घेऊन वाफ घ्यायची. घरी आपण सर्दी झाल्यावर घेतो तशीच, फक्त पातेल्याऐवजी पेला. शालीखालून नुसता श्वास ऐकू यायचा, लांब, सावकाश, मोजून सोडलेला.

विमानातल्या मुलींना मात्र ही कोण ते ठाऊक नव्हतं, त्या साहेबाच्या देशातल्या. बाई बोलत नाहीत म्हटल्यावर त्यांनी समज करून घेतला की यांना बोलता येत नाही, आणि मी यांच्या सोबतीला आहे. एकजण गुडघ्यांवर वाकून माझ्याशीच मोठ्याने, सुटं सुटं बोलू लागली, जणू मलाही कमी ऐकू येतं. त्यांना काय हवं? मासे चालतील? मी त्यांच्याकडे बघायचं, त्यांनी मान हलवायची, मी माझ्या मिरजी इंग्रजीत सांगायचं की बाईंना फक्त गरम पाणी हवंय, पुष्कळ. तिसऱ्या खेपेला बाईंना हसू आवरेना. आवाज न करता हसणं किती अवघड असतं बघा कधी करून. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी.

जेवणाला त्यांनी हात लावला नाही. मी लावला आणि पस्तावले. एवढ्या उंचीवर जिभेला मीठ आणि गोड दोन्ही कमीच कळतात म्हणे. जर्मनीत त्यावर प्रयोगही झालेत. पण माझं मत विचाराल तर त्या आमटीत मीठ जमिनीवरही कमीच असणार. त्यांनी पिशवीतून मेथीच्या दशम्या काढल्या, लंडनमधल्या कुणा यजमानीणबाईंनी दिलेल्या, आणि अर्धी मोडून आडोशावरून माझ्या ताटलीत ठेवली. मी लिंबाच्या लोणच्याची बाटली काढून पुढे केली. त्यांनी हात जोडले. आंबट वर्ज्य. मी ओशाळून बाटली परत ठेवली आणि स्वतःही खाल्लं नाही. का, ते माहीत नाही.

मग मी पेन मागून घेतलं.

पुष्कळ लिहायचं होतं. आईच्या शेवटच्या दिवसांत त्यांचा एक अभंग आम्ही रोज लावायचो, ते लिहायचं होतं. दोन ओळी लिहिल्यासुद्धा आणि खोडल्या. रोज शंभर लोक त्यांना हेच सांगत असतील, आणि त्या बोलू शकत नसताना त्यांच्यावर हे लादायचं म्हणजे हात बांधलेल्या माणसाला हार घालण्यासारखं. शेवटी लिहिलं : 'मी मिरजेची.'

त्यांनी वाचलं आणि चेहरा एकदम उजळला. कार्ड ओढून घेतलं. भराभर लिहिलं : 'तंबोरा तुमच्याकडचाच. खाली सामानात आहे. झोप येणार नाही.'

आता माझ्या ध्यानात आलं. मघापासून विमान जरा हललं की त्या खाली, पायाजवळच्या गालिच्याकडे बघत होत्या. मला वाटलं पोटात ढवळतंय. तसं नव्हतं. गालिच्याखाली कुठेतरी त्यांचा तंबोरा होता.

मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे घडतात, दीडशेहून जास्त वर्षं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याआधी काय ते परके होते? असो. तंबोऱ्याचा खालचा गोल भाग म्हणजे खराखुरा भोपळा असतो. मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो, वाळवलेला, कडू, आतून पोकळ. कवच हाताच्या बोटाएवढंही जाड नाही. गाडीतून नेताना मांडीवर घेऊन बसतात लोक. आणि तो हा असा पेटीत घालून अनोळखी माणसांच्या हाती द्यायचा, त्यांनी तो कसाही पट्ट्यावर टाकायचा. म्हणून आताशा बरेचजण परदेशात विजेवरच्या पेटीतला नाहीतर मोबाईलवरचा तंबोरा लावतात. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, गाणं मला येत नाही.

त्यांनी कार्डावर लिहिलं की मागे एकदा परत येताना भोपळ्याला तडा गेला होता, मिरजेत सांधून घेतला, सांधा हाताला लागतो पण कानाला लागत नाही. मी विचारलं, तारा उतरवल्यात ना? 'सगळ्या सैल.' खुंट्या? 'फडक्यात.' घोडीखाली? 'स्पंज.' दोन बायका लेकराला पाळणाघरात सोडून आल्यावर बोलतात तसं हे चाललं होतं, एकीचा आवाज आणि दुसरीचं पेन.

मध्यरात्री कधीतरी एक गृहस्थ मागच्या भागातून पडदा सारून आले. भले दिसत होते. बाई तेव्हा शालीखाली होत्या, वाफ घेत. त्यांनी हळूच हाक मारली. शाल खाली आली : ओला चेहरा, कपाळाला चिकटलेले केस, लाल झालेलं नाक. मग माझ्या डोळ्यांदेखत तो चेहरा बदलला. मफलर सारखी झाली, केस मागे गेले, मान किंचित तिरकी झाली, आणि कॅसेटच्या वेष्टनावरचं ते हसू आलं. फोटो निघाला. गृहस्थ नमस्कार करून गेले. बाईंनी पेल्यात बघितलं, पाणी निवलेलं होतं. मी घंटीचं बटण दाबलं.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांचा दुसरा प्रश्न 'फोटो कसा नाही काढलात' हा असतो. माझा फोन मांडीवरच होता. नंतर मी तो पिशवीत टाकला.

पु. लं.नी भीमसेन जोशींना 'हवाईगंधर्व' म्हटलं होतं, गुरू सवाई गंधर्व आणि हे सदा विमानात, म्हणून. आम्ही वर्षानुवर्षं त्यावर हसलो. पण ही माणसं त्या रात्री नेमकं काय करत बसतात, हे मनात आलं नव्हतं. पहाटे मी तासभर झोपले. जाग आली तेव्हा आडोसा खाली होता, विमान उतरत होतं, आणि त्या तशाच बसलेल्या, डोळे उघडे. मला उठलेलं बघून बोट वर छताकडे दाखवलं आणि कार्डाच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं : 'इंजिनाचा सा, रात्रभर. जरा उतरलेला.' मी जाणकारासारखी मान डोलावली. मला काही कळलं नव्हतं.

मुंबईत मला चाकाची खुर्ची होती. ती ढकलणाऱ्या मुलाला मी म्हटलं, जरा थांब रे, मोठं सामान येतं त्या दरवाजापाशी ने. पंचवीस मिनिटं थांबलो. पट्ट्यावर गोल्फच्या पिशव्या आल्या, बाळाची गाडी आली, कुणाचा तरी मोठा टीव्ही आला. मग दोन माणसांनी ती लांबट काळी पेटी हातात धरून आणली, आडवी, सांभाळून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी तिथेच फरशीवर बैठक मारली. कड्या उघडल्या, दुलई बाजूला केली, आणि भोपळ्याला कान लावून बोटाच्या पेराने टकटक करत सबंध गोल फिरल्या, कलिंगड बघतात तशा. सांध्यापाशी दोनदा. मग माझ्याकडे बघून मान हलवली. ठीक आहे.

दुलई पुन्हा नीट खोचून झाल्यावर त्यांनी फोन काढला, कानाला लावला आणि बोलल्या. रात्रभरात पहिल्यांदा. आवाज थोडा बसका, कुणाही बाईचा सकाळी उठल्यावर असतो तसा.

"हं, उतरले. कुकर लाव. आणि आमटीत चिंच नको घालूस."