खाणीत जीपीएस चालत नाही, मग माणूस शोधायचा कसा?

घड्याळात नाडी दिसते, पावलं दिसतात, मग खाण कामगारांना पण असंच एकेक घड्याळ द्या की, प्रश्न मिटला, असं मलाही वाटायचं. जरा खोलात गेलो (हो, शब्दशः) तेव्हा कळलं की गंमत तिथेच आहे.

पहिली अडचण म्हणजे जीपीएस. उपग्रहाचा सिग्नल इतका क्षीण असतो की खडकातून खाली पोचतच नाही. म्हणून बोगद्यात ठिकठिकाणी रीडर लावतात आणि कामगाराकडे टॅग असतो, म्हणजे स्वतःचा नंबर रेडिओ लहरींनी रीडरला कळवणारी छोटी चिप, बऱ्याचदा हेल्मेटच्या दिव्यातच बसवलेली. ही आयडिया मला जाम आवडली, कारण दिवा विसरून कोणी खाली उतरत नाही आणि चार्जिंगला तो रोज लागतोच. पण साध्या टॅगवरून एवढंच कळतं की माणूस अमुक रीडरजवळून गेला. त्याच्यापुढे तो नेमका कुठे आहे हे कळायला रीडर दाट लावावे लागतात, नाहीतर अल्ट्रा वाइडबँडसारखं (रेडिओ सिग्नलला लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजणारं) महागडं काहीतरी. तरी पूर्वी उतरताना फळ्यावर लावायच्या पितळी बिल्ल्यापेक्षा बरंच म्हणायचं, त्याच्यावरून आत कोण आहे तेवढंच समजायचं, कुठे आहे ते नाही.

आणि स्फोट झाला की केबल तुटतात, रीडर बंद पडतात, म्हणजे ज्या दिवशी गरज त्याच दिवशी नकाशा कोरा! २००६ च्या जानेवारीत अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सेगो खाणीत स्फोट झाला, आत अडकलेले लोक नेमके कुठे आहेत हे वर कोणालाच माहीत नव्हतं, १२ जण गेले. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, बिनतारी संपर्क आणि ट्रॅकिंग दोन्ही सक्तीचं. म्हणून मला वाटतं, सिस्टीम घेताना अचूकता किती मीटरची हे नंतर विचारा, आधी विचारा की अर्धं नेटवर्क गेल्यावर शेवटची जागा तरी वर सेव्ह राहते का.

तब्येतीचं म्हणाल तर मनगटावरचा सेन्सर घाम, धूळ आणि ड्रिलच्या थरथरीत काहीही आकडे दाखवू शकतो, छातीचा पट्टा जास्त भरवशाचा. चिलीतल्या एका खाणीत २०१० मध्ये ३३ जण ६९ दिवस अडकले होते, त्यांना कॅप्सूलमधून वर आणताना असेच पट्टे बांधले होते, वर बसलेल्या डॉक्टरांना नाडी आणि श्वास दिसत होता.

शिवाय हवेत मिथेन (खाणीत निघणारा ज्वलनशील वायू) ५ ते १५ टक्के असला की स्फोटाला एक ठिणगी पुरते, त्यामुळे आपलं बाजारातलं घड्याळ तिथे चालत नाही, ठिणगी पडली तरी वायू पेटणार नाही असंच सर्किट लागतं, तसं प्रमाणपत्र लागतं, आणि मग किंमत चढते.

एक खटकतं मात्र. नाडीचा आकडा डॉक्टरकडे गेला तर ठीक, पण तोच सुपरवायझरच्या स्क्रीनवर गेला की "हा फार वेळ बसून होता" हे पण दिसणार ना? मग पट्टा सैल बांधणारे, टॅग मित्राकडे देणारे निघणारच, आणि मग नकाशावर माणूस एकीकडे आणि प्रत्यक्षात दुसरीकडे.